विहीणबाईंचं खारं वावर

माझ्या विहीणबाईंना आजवर कुणीही ‘नाही’ म्हणू शकलेलं नाही. प्रयत्न पुष्कळांनी केला. मी स्वतः निदान चाळीस वेळा केला असेल. पण ‘ना’ तोंडातून निघून ‘ही’ त्याच्या मागोमाग येईपर्यंत आपल्या हातात खुरपं आलेलं असतं, डोक्याला रुमाल बांधला गेलेला असतो आणि आपण मेथीच्या वाफ्यात उकिडवे बसलेले असतो. मी कोर्टातला निवृत्त कारकून. पस्तीस वर्षं लोकांना पुढची तारीख देण्यात घालवली. आजचं काम आजच झालं पाहिजे, असं मानणारा माणूस मी लांबूनसुद्धा पाहिला नव्हता. अशा माणसाच्या नशिबी ही विहीण आली. आता मुलीच्या सासूला कोण ‘नाही’ म्हणणार? तेव्हा माझं काही चालत नाही याला निदान रीतसर कारण आहे. त्यांच्या शेतात राबणाऱ्या बाकीच्या वीस कुटुंबांचं काय चालत नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत पी.टी.च्या बाई होत्या. उंच, सडपातळ, पाठ अशी ताठ की भिंतीलाही त्यांच्या शेजारी उभं राहताना वाकल्यासारखं वाटावं. त्यांनी शिकवलेल्या मुली आज डॉक्टर आहेत, वकील आहेत, एक तर तहसीलदार आहे. पण भाजीबाजारात बाई दिसल्या की या सगळ्या हातातली पिशवी खाली ठेवून सावधान उभ्या राहतात. आमच्या मुलीला पाहायला आल्या तेव्हा मुलीकडे त्यांनी ओझरतं पाहिलं आणि मग बराच वेळ माझ्याकडेच पाहत राहिल्या. मला वाटलं, काही देण्याघेण्याचं बोलणार. त्या म्हणाल्या, “इवाई, तुमी तोंडानं श्वास घेऊन राहिले. नाकानं घ्या.” लग्न ठरलं आहे की नाही हे कळायच्या आधीच मी त्यांचा ‘इवाई’ झालो होतो, म्हणजे वऱ्हाडाबाहेरच्या भाषेत व्याही, आणि नाकानं श्वास घेऊ लागलो होतो.

निवृत्त झाल्यावर आठ दिवस त्या घरी बसल्या. नवव्या दिवशी आमच्याकडे आल्या, चहाला नको म्हणाल्या आणि उभ्या उभ्याच सांगितलं, “भातकुलीच्या वावरात भाजी लावायची हाय. खत नाई, फवारा नाई. रविवारी सहा वाजता निघायचं.” हे वावर म्हणजे वडिलांच्या जमिनीतला त्यांचा वाटा, तीन एकर. जमीन काळीशार, पाहताक्षणी जीव लावावा अशी. पण तो सगळा टापू खारपाणपट्ट्यातला. विहिरीला पाणी भरपूर, मात्र ते तोंडात घेतलं की समुद्र आठवावा. त्या पाण्याचा चहा केला तर दूध फाटतं. वाटण्या झाल्या तेव्हा हा तुकडा ताईला द्यावा यावर भावांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही, असं त्या स्वतःच हसून सांगत. शेजारच्याच वावरात त्यांचा धाकटा भाऊ कपाशी घेतो. तो पहिल्याच दिवशी बांधावर उभा राहून म्हणाला होता, “ताई, इथं मीठ पिकते. भाजी नाई पिकत.” विहीणबाईंनी त्याला सांगितलं, “मिठाशिवाय भाजी होते काय?” आणि दुसऱ्या आठवड्यात पावसाचं गोडं पाणी साठवण्यासाठी शेततळं खणायला घेतलं.

एकवीस कुटुंबं गोळा केली त्यांनी. वर्गणी नव्हती. रविवारी सकाळी चार तास अंगमेहनत करायची, अकराला तिथंच वावरातल्या भाजीचं जेवण करायचं आणि आठवड्याची भाजी घरी न्यायची, इतका साधा करार. गळ्यात शाळेतली शिट्टी. एक शिट्टी म्हणजे काम सुरू, दोन म्हणजे पाणी प्या, तीन म्हणजे जेवण. पहिल्या महिन्यात आमच्यापेक्षा शेजारच्या भावाचे बैल लवकर तरबेज झाले. दोन शिट्ट्या ऐकू आल्या की ते औताचं तास अर्धवट सोडून उभे राहत आणि भाऊ कपाळाला हात लावी. निंदणी करताना कुणी पाठ वाकवली की मागून आवाज येई, “कमरेतून! कमरेतून वाका!” जीवामृताचा ड्रम ढवळताना काठी एकाच दिशेनं फिरली पाहिजे आणि मोठ्यानं आकडे म्हटले पाहिजेत. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचं ते कालवण. माझी बायको ते पाहून दर वेळी हळहळे, “एवढ्या बेसनात पातोड्या झाल्या असत्या व माय!” आणि रफीकभाईंची तर गंमतच. त्यांचं ताडपत्र्या शिवण्याचं आणि शेततळ्याचे प्लास्टिकचे कागद जोडण्याचं दुकान. ते आले होते फक्त तळ्यात अंथरलेल्या कागदाला जोड मारायला. काम संपवून मशीन बांधत होते, तेवढ्यात विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पुढच्या रविवारी रफीकभाई आणि शमीमभाभी दोघंही मुळ्याच्या वाफ्यात होते. मी विचारलं, तर म्हणाले, “भाईजान, मी ना बोलणारच होतो. लेकिन मौका नाही भेटला.”

भाजी मात्र यायची. अशी यायची की बोलायची सोय नाही. श्रावणात अंबाडी, चवळी, दोडकी. दिवाळीनंतर वांगी, पालक, मुळा, टमाटे, वाल, आणि सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यानं वावरात सांबार आहे म्हटल्यावर इडली कुठे आहे असं विचारलं होतं. लहानपणापासून पानातली पालेभाजी शेजारच्याच्या ताटात सरकवत आलेला मी, साठीनंतर अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि वरून लसणाची फोडणी यांची रविवारपर्यंत वाट पाहू लागलो.

फोडणीवरून मात्र विहीणबाईंचं आणि माझ्या बायकोचं कधीच जमलं नाही. स्वयंपाक बायकोकडे होता, कारण विहीणबाईंच्या हातची भाजी उकडलेली असे, पौष्टिक असे आणि आजारी माणसाच्या ताटात शोभेल अशी असे. पण तेलाची बरणी त्यांच्या ताब्यात. आमच्या वऱ्हाडात वांग्याच्या भाजीवर तर्री तरंगली नाही तर पाहुणा रुसतो. रोडगे शेणीच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, कुस्करायचे आणि त्यावर लालभडक रस्सा ओतायचा, हा आमच्या सुखाचा कळस. विहीणबाई बारा माणसांमागे पळीभर तेल मोजून देत आणि म्हणत, “वांगं हाय ते, पोहाले शिकवून राहिल्या काय त्याले?” माझी बायको तोंडानं काही बोलत नसे. ती कोर्टातल्या कारकुनाची बायको आहे. कागद खालून कसा सरकवायचा हे तिला ठाऊक आहे. पुढे तिनं एक मार्ग काढला. त्याचं काय झालं ते सांगतोच.

दोन हंगाम असे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात, संक्रांतीनंतरच्या रविवारी, आम्ही सकाळी वावरात पोचलो तर तळ्याच्या काठावर विहीणबाई आणि त्यांचा भाऊ उभे होते, आणि तळ्यात एक रोही पोहत होता. नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात. रोह्यांचा कळप कुंपण मोडून पाण्यावर आला असणार, आणि हा एक घसरला असणार. तळ्याच्या उतरत्या बाजूंना अंथरलेला कागद ओला झाला की त्यावर माणसाचा पाय ठरत नाही, तिथं खुरांचं काय! मोठा नर होता, निळसर करडा. कधीपासून पोहत होता कोण जाणे. काठाशी यायचा, पुढचे पाय टेकायचा, घसरायचा, परत आत जायचा. आता फक्त नाकपुड्या पाण्याबाहेर होत्या आणि त्यांचा फुस्स फुस्स आवाज येत होता.

भाऊ म्हणाला, “ताई, वनखात्याले फोन केला हाय. येतीन ते. आपण काई करू नका. त्याले वर घ्याले गेलं तर कागद फाटन.”

“येईपर्यंत तो बुडन.”

“मंग बुडन बिचारा. पण कागद गेला तर तुमचं सारं वावर गेलं. विचार करा न.”

विहीणबाईंनी विचार केला. मी पाहत होतो, त्यांनी खरोखरच केला. एकदा तळ्याकडे पाहिलं, एकदा मागं पसरलेल्या वाफ्यांकडे. जानेवारीतली ती भरात आलेली वांगी, लाल होऊ लागलेले टमाटे, वालाच्या वेलांवरची फुलं. मग पायातल्या चपला काढून नीट जोडीनं बाजूला ठेवल्या आणि म्हणाल्या, “कागद माहा हाय. फाटू द्या.”

आणि शिट्टी वाजली. पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचे, भारे, मातीनं भरलेली पोती, भावाच्या गोठ्यातली बाज, जे मिळेल ते उतारावर टाकून आम्ही एक कच्ची पायवाट केली. बाजेचा दोर माझ्याकडे होता. “इवाई, सोडाचं नाई!” असा हुकूम होता, म्हणून मी काठावर बसून दोर पोटाला गुंडाळला आणि बाजेसकट तीन फूट खाली गेलो, रफीकभाईंनी कॉलर धरली नसती तर तळ्यात एकाऐवजी दोन रोही झाले असते. विहीणबाई गुडघाभर पाण्यात उतरून दोन्ही हात पसरून त्या जनावराला वाटेकडे वळवत होत्या आणि त्याच्याशी बोलत होत्या, शर्यतीत शेवटी राहिलेल्या मुलीशी बोलावं तसं. “हां, ये. पुढं ये. जमते तुले. अजून एक पाय टाक.” रोह्यानं पऱ्हाट्यांवर पाय टेकवला, फुरफुरला, आणि सगळी ताकद लावून वर उसळला. त्याच क्षणी जुनं धोतर फाटावं तसा लांबलचक आवाज झाला. तळापासून काठापर्यंत कागद उभा चिरत गेला. रोही काठावर आला, थरथरत उभा राहिला, अंग झाडून आम्हा सगळ्यांना भिजवलं आणि मागं न पाहता तुरीच्या ओळींमधून निघून गेला.

“आभार मानाची पद्धत नाई याईच्यात,” विहीणबाई म्हणाल्या. आम्ही सगळे पोट धरून हसलो. हसून झाल्यावर तळ्याकडे पाहिलं तर चिरेपाशी पाण्याचे बुडबुडे येत होते.

पुढच्या रविवारपर्यंत तळ्यात घोट्याइतकं पाणी उरलं. रफीकभाईंनी उतरून पाहिलं आणि मान हलवली. “मॅडम, ओल्या कागदाले मशीन पकडत नाही. पुरा सुखा होने दो. मे महिन्यात नवा पट्टा टाकून जोड मारून देतो. उसके पहले नहीं होता.” म्हणजे पावसाळ्यापर्यंत गोडं पाणी नाही. सगळे बांधावर जमले. आमच्यात एक निवृत्त इंजिनिअर साहेब होते, स्वभावानं सज्जन, बोलायला मुद्देसूद. ते म्हणाले, “मॅडम, हंगाम गेला असं समजू. तोपर्यंत घाऊक बाजारातून भाजी आणू, इथं वाटून घेऊ. लोकांची सवय मोडायला नको.” बऱ्याच माना हलल्या. माझीही हलली असावी.

विहीणबाईंनी विचारलं, “मंग इथं काहून जमायचं, साहेब? बाजारातच जमू न.” मग आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. “पुढच्या रविवारी हरेकानं घरून वीस लिटर गोडं पाणी घेऊन याचं. पाणी आणा, भाजी न्या.”

त्याच दिवशी त्यांनी टमाटे आणि फुलकोबी स्वतःच्या हातानं उपटली. पाणी फार मागणारी पिकं होती ती. मी मदतीला वाकलो तर म्हणाल्या, “राहू द्या. मी लावले होते, मीच काढीन.” पालकाला आणि बिटाला विहिरीचं खारं पाणी चालतं असं कुठंसं ऐकलं होतं, तर ते वाफे विहिरीवर सोडले. आमचं गोडं पाणी फक्त वांग्यांना आणि सांबाराला, तेही लोट्यानं, बुडाशी. तो पालक वाढायचा मंद, पण पानं जाड आणि चवीला अशी की शमीमभाभी डाळभाजीत मीठ घालायच्या आधी चाखून पाहू लागल्या.

मी स्कूटरवर पुढं पाय ठेवायच्या जागी एक कॅन आणि मागं दोरीनं बांधून एक, असा अमरावतीहून भातकुलीला जाऊ लागलो. एकदा नाक्यावर पोलिसानं अडवलं. पांढरे कॅन, सकाळची वेळ, रुमालानं बांधलेलं तोंड. त्याचा संशय अगदीच गैर नव्हता. “काय हाय यात?” म्हणाला. मी म्हटलं, “पाणी.” त्यानं झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवून चाखलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर निराशा पसरली. “कुठी घेऊन चालले?” “सांबाराले.” त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग फार आजारी माणसाला द्यावी तशी वाट करून दिली.

बायकोचा मार्ग याच दिवसांतला. आमच्या पाण्याबरोबर ती एक पाच लिटरचा लहान कॅन न्यायची. तो पाण्याचा नव्हता. त्यात शेंगदाण्याचं तेल होतं, विहीणबाईंच्या नजरेआड वांग्यांच्या भाजीत जायला. दोन रविवार सुरळीत गेले. भाजीला रंग आला, सगळे बोटं चाटू लागले, विहीणबाईही म्हणाल्या की बिनफवारणीच्या वांग्याला मुळातच चव असते. तिसऱ्या रविवारी त्या सांबाराला पाणी देत होत्या, लोटा रिकामा झाला आणि जवळ होता तो लहान कॅन उचलला. आम्हाला कळलं तेव्हा अर्धा वाफा तेलानं चकचकत होता. विहीणबाईंनी बोटं नाकाशी नेली. बायको चुलीपाशी पुतळ्यासारखी उभी. “ईनबाई,” त्या शांतपणे म्हणाल्या, “सांबाराले फोडणी इथंच द्याची होती काय?” मी डोळे मिटून घेतले. पण काही झालं नाही. उलट त्या दिवशी त्यांनी तर्रीचा रस्सा मागून घेतला, दोनदा. तेवढा वाफा मात्र पिवळा पडला तो पडलाच.

लोक कमी होत गेले. भांडून कुणी गेलं नाही. कुणाची गाडी बिघडली, कुणाकडे लग्न निघालं, इंजिनिअर साहेबांच्या घरी पाहुणे आले आणि ते बहुधा राहिलेच. वीस लिटर पाणी घेऊन येऊन जुडीभर पालक न्यायचा, हा व्यवहार कुणालाही समजावून सांगण्यासारखा नव्हताच. मार्चअखेर आम्ही सहा उरलो: आम्ही दोघं, रफीकभाई आणि शमीमभाभी, विहीणबाईंची एक जुनी विद्यार्थिनी, जी आता स्वतः आजी झाली होती, आणि त्या स्वतः. शिट्टी तरीही वाजे. सहा माणसांसाठी ती फार मोठी वाटे.

एप्रिलमध्ये वांगीही संपली. मला वाटलं, आता तरी त्या थांबतील. त्या रविवारी आम्ही रिकाम्या वावराकडे पाहत उभे होतो, आणि विहीणबाई पालकाच्या उलंगलेल्या, म्हणजे पीक संपलेल्या, वाफ्यात खाली बसल्या. जमिनीसरशी बारीक बारीक हिरवं काहीतरी पसरलं होतं. खाऱ्या पाण्याच्या ओलीवर, कुणी न पेरता. “चिवळ हाय,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा वेगळा लागला. “पाहा, इवाई. चिवळ!”

चिवळीची भाजी ज्यानं निवडली आहे त्यालाच तिचं दुःख माहीत. नखाएवढी पानं, धाग्यासारखे देठ, आणि मातीला अशी बिलगलेली की चार पाण्यांतून काढावी तेव्हा दाताखाली कचकच येत नाही. आणि गोडं पाणी होतं ते स्वयंपाकापुरतं, विहिरीच्या पाण्यात ती आणखी खारट झाली असती. म्हणून एक एक काडी हातानं झटकत आम्ही सहा जण निंबाखाली सतरंजीवर बसलो. तास गेला, दीड तास गेला. कुणाला शिट्टी नको होती. त्या बसण्यात विहीणबाई एकदम म्हणाल्या, मान वर न करता:

“शाळेत असतानी माह्या मागं सातशे पोरी राह्यच्या. रिटायर झाली न, आठ दिवस दाराची कडी कोणी वाजवली नाई. दूधवाला सोडून. भीत होत्या न सगळ्या. ज्याले भीतात त्याच्या घरी कोण येते?” त्यांनी काडी झटकली. “मंग मले वाटलं, भाजीले तरी येतीन.”

त्यांची ती विद्यार्थिनी खाली पाहत राहिली. माझी बायको म्हणाली, “मॅडम, मी कदी भाजीसाठी नाई आली. भाजी तर आमच्या गल्लीत दारावर येते.” विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “तुमी तर तेलासाठी आल्या.” मग हसताना शमीमभाभींच्या हातातली चिवळ सांडली आणि ती पुन्हा पहिल्यापासून निवडावी लागली. त्या दिवशी मूगडाळ घालून केलेली ती भाजी मी तीन भाकरींबरोबर खाल्ली. उन्हाळाभर चिवळीनं आम्हाला सोडलं नाही. भाऊ एका रविवारी बांधावरून आला, पंगतीत बसला, आणि जाताना एक गठ्ठा घरी घेऊन गेला.

मे महिन्यात रफीकभाईंनी चार दिवस दुकान बंद ठेवून, भर उन्हात कागदाला नवा पट्टा जोडला. भावानं तळ्याभोवती रोह्यांसाठी उंच कुंपण घातलं आणि कुंपणाबाहेर खाऱ्या पाण्याची एक टाकीही बांधली, ही विहीणबाईंचीच अट. “तेही तहानलेलेच येतात,” म्हणाल्या. रोह्यांना खारं पाणी आवडलं की नाही ठाऊक नाही, पण सकाळी टाकीभोवती खुरांचे ठसे असत. जुलैत तळं काठोकाठ भरलं. आणि मग लोक परत येऊ लागले, थोडे ओशाळलेले, हातात उगीचच मोठ्या पिशव्या. मला वाटलं, आता बाई सगळ्यांना उठाबशा काढायला लावणार. मी तर तो सोहळा पाहायला आडोसाही शोधून ठेवला होता. इंजिनिअर साहेबांनी पाहुण्यांपासून सुरुवात केली, मग मिसेसची तब्येत. विहीणबाईंनी त्यांच्या हातात खुरपं ठेवलं. “साहेब,” म्हणाल्या, “अंबाडीत गवत झालं.” बस, एवढंच.

या वर्षी त्यांचे गुडघे गेले. दोन्ही बदलावे लागले. सहा महिने शेतात पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी ते ऐकलं. आता त्या अकोल्याला मुलाकडे, म्हणजे आमच्याच मुलीकडे आहेत, तिसऱ्या मजल्यावर. वावर चालू आहे. सगळे येतात. कामं होतात, जरा उशिरा, पण होतात.

गेल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेलो. जेवायला बाजारातली फुलकोबी होती, वर तेलाचा तवंग. त्यांनी निमूट खाल्ली आणि सुनेला म्हणाल्या, “छान झाली.” त्यांनी भाजी नापसंत केली असती तर किती बरं वाटलं असतं!

दुपारी त्या गॅलरीजवळच्या खुर्चीत टेकल्या. पाठीला उशी होती. म्हणाल्या, “आता सांगा.” मी म्हटलं, काय? “वावर सांगा.” मग मी सुरुवात केली, फाटकापासून. डाव्या हाताला अंबाडी, माझ्या कमरेपर्यंत आली आहे. तिच्या पलीकडे भेंडी, पण तिच्यावर मावा पडलाय, निंबोळीचा अर्क मारला. “किती वेळा?” दोनदा. “पुढं?” पुढं चवळी, तिच्या शेंगा शमीमभाभी दर रविवारी तोडतात. काकडीचे वेल बांधावर चढलेत, भाऊ म्हणतो राहू दे. मी थांबलो की त्या डोळे मिटूनच विचारत, “पुढं?” मी एक एक वाफा चालत गेलो. कुठं ओल जास्त आहे, कुठं रोप धरलं नाही, कुठं इंजिनिअर साहेबांनी गवत समजून मेथीच उपटली, सगळं सांगितलं. असं करत तळ्यापर्यंत पोचलो. तळं भरलंय म्हणालो. यावर काही विचारणं आलं नाही. पाहिलं तर त्यांना झोप लागली होती.

मुलीनं दारातून खूण केली, बाबा, चला, तुमची गाडी आहे. पण तळ्यापलीकडे लावलेल्या वालाच्या दोन ओळी राहिल्या होत्या. त्या मी हळू आवाजात सांगितल्या, आणि मगच उठलो.